‘दुकानातून उतरवलेली यादी’: कृष्णाकाठकरांना उत्तर

‘पाऊस, थंडी, ऊन: सगळं एकाच सॅकमध्ये’ हा मागचा लेख (घाटमाथ्यावर वर्षभर चालणाऱ्याने कुठल्या ऋतूत काय न्यावं आणि कपड्यांचे थर, म्हणजे लेअर, कसे घालावेत याची यादी) टाकल्यावर बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. बहुतेकांना खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागलं. एकीला भागेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. ‘कृष्णाकाठकर’ या टोपणनावाने आलेली ती प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको:

‘यादी चांगली आहे, पण दुकानातून उतरवल्यासारखी वाटते. सुती कपड्यांना नावं ठेवण्याआधी जरा आजूबाजूला बघा. आपल्या भागातले मेंढके घोंगडी आणि पायताणावर वर्षातले सात-आठ महिने रानात काढतात, त्यांना कुणी लेअर शिकवले नाहीत. तुमचं बारा हजारांचं जाकीट कोयनेच्या पावसात आतून घामानेच भिजतं. ऋतू बदलल्यावर काय घरी पाठवायचं आणि काय मागवायचं, हे लेखात कुठेच नाही. उन्हाळा तर चार ओळींत उरकलाय.’

कृष्णाकाठकर, लेख शेवटपर्यंत वाचलात त्याबद्दल आभार. टीकेचं मला वावडं नाही. पण ‘दुकानातून उतरवल्यासारखी’ हे काय आहे? यात कुठली वस्तू चुकीची, का चुकीची, त्याऐवजी काय हवं, यातलं काहीच नाही. नुसता टोमणा आहे, आणि तो लागू नये म्हणून आधी ‘यादी चांगली आहे’ एवढा गूळ लावलाय. माझं दुकान नाही. कुठल्या कंपनीने मला आजवर मोज्याचा जोडसुद्धा फुकट दिलेला नाही. मी शाळेत शिकवतो, पगारातून शिल्लक पडेल तसं एकेक सामान घेतो, आणि फाटेपर्यंत वापरतो. लेखात बुटांचा फोटो होता, तो नीट बघितला असतात तर सोल किती घासलाय ते दिसलं असतं.

आणि ‘आजूबाजूला बघा’ हे मला? माझ्या आजोबांचं गाव बामणोलीच्या अंगाचं, कोयनेच्या धरणात गेलेलं. वासोटा किल्ल्याला जाताना तुम्ही ज्या पाण्यावरून होडीत बसून सेल्फी काढता, त्या पाण्याखाली आमची भातखाचरं आहेत. आजी इरलं, म्हणजे पानांचं विणलेलं पावसाळी आच्छादन, पाठीवर घेऊन लावणीला वाकायची. इरलं दोन्ही हात मोकळे ठेवतं आणि अंगाला चिकटत नाही, म्हणून आत वारा खेळतो, हे मला कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकातून कळलेलं नाही. हे सगळं सांगायची वेळ यायला नको होती. पण तुम्ही आणलीत.

आता तुमच्या मुख्य वाक्याकडे येतो. सुतीचा कैवार घ्यायला तुम्ही मेंढक्याची घोंगडी पुढे केलीत. साहेब, घोंगडी लोकरीची असते. माणदेशात, म्हसवड-आटपाडीच्या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीची ती विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. पावसाची सर आली की मेंढका तिची खोळ करून डोक्यावरून घेतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्या माणसाने पावसाथंडीसाठी कपडा निवडला तो लोकरीचा. मी लेखात दुसरं काय सांगितलं होतं? तुम्ही साक्षीदार आणलात आणि तो माझ्या बाजूने बोलून गेला.

माझं वाक्य पुन्हा वाचा: ‘पावसात आणि पावसामागून येणाऱ्या थंडीत अंगाला लागून सुती नको.’ यात सुतीला शिवी नाही. सुती धागा पाणी पितो आणि धरून बसतो. ओला झाला की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतो. कापडातली हवा जाते, तिथे पाणी येतं. आणि ऊब देते ती हवाच, कापड नव्हे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. लोकरही पाणी पिते, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पिते, पण तिचा धागा कुरळा आणि चिवट, तो ओला होऊनही उभा राहतो आणि आतली हवा सोडत नाही. शिवाय ओल शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. पॉलिएस्टर पाणी जवळपास पीतच नाही, अंगावरच वाळतं. त्याचा वास मात्र तिसऱ्या दिवशी असा सुटतो की तंबूत शेजारी कुणी झोपत नाही, आणि हेही मी लेखात लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, घोंगडीखाली त्याचं धोतर आणि बंडी सुतीच असते की. असते. धोतर पातळ, पोटऱ्या उघड्या, वाऱ्यावर घटकाभरात वाळतं. त्याच्या जागी तुमची-माझी जीन्स घालून बघा. पण यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. ऐन पावसाळ्यात ही मेंढरं असतात कुठे? माण, खटाव, आटपाडी. जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पडला तर. तिथून पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे साडेपाच हजारांच्या वर पडतो. मेंढका पावसात त्या बाजूला फिरकत नाही. सततच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, त्याला ते पक्कं ठाऊक असतं. दिवाळीच्या सुमाराला, पाऊस उघडल्यावर, कळप पश्चिमेकडे आणि कोकणात उतरतात. ऋतू बदलला की तो जागा बदलतो. माझा लेख त्या माणसासाठी होता जो जागा बदलत नाही, घाटमाथ्यावरच चालत राहतो. श्रावणात धुक्यात, कार्तिकात कोरड्या वाऱ्यात, फाल्गुनात तापलेल्या कातळावर. मेंढक्याचा अनुभव खोटा नाही. तो या प्रश्नाचा अनुभव नाही, एवढंच.

आणि ‘कुणी लेअर शिकवले नाहीत’ हे वाक्य तर मेंढक्याचाच अपमान आहे. पोरगं चालायला लागल्यापासून बापामागे मेंढरांसोबत हिंडतं, कुठला ओढा उतरायचा, आभाळ कुठल्या बाजूने भरतं, ओली घोंगडी कुठे पसरायची हे बघत मोठं होतं. त्याला शिक्षण म्हणत नाहीत का? आज पुण्यात कंपनीत बसणाऱ्या पोराला असा बाप कुठून मिळणार? तो वाचून शिकेल. त्याच्यासाठी कुणीतरी लिहायला नको?

घोंगडीला मी नावं ठेवीन असं तुम्हाला वाटलंच कसं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून निघालो होतो. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, वारा कायमचा वस्तीला असतो. सोबत एक गडी होता, तालमीत घाम गाळलेला, जीन्स आणि सुती टीशर्टवर. सकाळपासून भिजत होता. थंडी म्हणावी तर काहीच नाही, अंगात पातळ स्वेटर असता तरी पुरलं असतं. दुपारी तो गप्प झाला. मग शब्द जड यायला लागले, सॅकचं बकल काढता येईना, आणि विचारलं तर म्हणतो, ‘मला काय झालंय?’ जवळच्या वस्तीवर नेला, ओले कपडे उतरवले, चुलीपाशी बसवला. घरधन्याने काही न विचारता वळणीवरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली. तासाभराने गडी शिव्या द्यायला लागला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. माणूस गारठून जायला बर्फ लागत नाही, ओलं सुती आणि वारा पुरतो. तो लेख मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन हिंडत होतो. ‘दुकानातून उतरवलेली.’ वा.

आता कुणीतरी येऊन मला मॅलरी सांगणार, म्हणून आधीच लिहून टाकतो. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर मरण पावलेला ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरी, त्याच्या अंगात रेशमी, सुती आणि लोकरीचे थर होते, वर गॅबर्डीन, म्हणजे घट्ट विणीचं कापड. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला, पुढे त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल करून २००६ मध्ये ती एव्हरेस्टवर घालून बघितली, आणि ती चांगली ऊबदार निघाली. बरोबर आहे. तिथला बर्फ कोरडा, हवा कोरडी. घट्ट विणीचं सुती कापड तिथे वारा अडवतं आणि ओलं होतच नाही. जावळीच्या रानात श्रावणात कोरडं काय राहतं, काडेपेटीसुद्धा राहत नाही. स्थानिक माणसाकडून शिकायला माझी कधीच ना नव्हती. ॲमंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, तो कॅनडाच्या उत्तरेतल्या नेटसिलिक इन्युइट लोकांकडून शिकलेले रेनडिअरच्या कातड्याचे कपडे घेऊनच. पण त्याने थंड प्रदेशासाठी थंड प्रदेशातल्या माणसाला विचारलं, हेही बघा.

जाकिटाचं म्हणाल तर ते आतून घामाने भिजतं, मान्य. मी कुठे नाकारलं? वाफ बाहेर जायला आतल्यापेक्षा बाहेरची हवा कोरडी लागते. आषाढात कोयनेच्या खोऱ्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, मग घाम जाणार कुठे? आणि वरचा पाणी निथळवणारा लेप चिखलाने, धुण्याने झिजला की कापड ओलं होऊन बसतं आणि उरलीसुरली वाफही अडते. म्हणून मी स्वतः सखल जंगलात छत्री आणि पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) वापरतो, जाकीट माथ्यावरच्या वाऱ्यासाठी ठेवतो. लोक छत्रीला हसतात, हसू देत. राहिला किमतीचा मुद्दा. मला श्रीमंतांचा वकील ठरवायची काही गरज नव्हती. स्वस्तात काय चालतं हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

मला खरं वाईट कशाचं वाटलं सांगू? लेखातला सगळ्यात कामाचा भाग कुसळांचा होता, त्यावर तुमचा एक शब्द नाही. पाऊस संपला की पठारावरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटतात. पावसात जो फ्लीस (पॉलिएस्टरचा लवदार, ऊबदार कपडा) तुमचा जीव वाचवतो, जे विणीचे लोकरी मोजे पायाला ऊब देतात, तेच आता कुसळं गोळा करतात. एकेक कुसळ आत शिरत जातं, संध्याकाळी मोजा उलटा करून वेचत बसा, सकाळी पुन्हा तेच. तिथे गुळगुळीत, घट्ट विणीची नायलॉनची पँट लागते, आणि घोट्यावर गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढवायचं कापडी आवरण. पुढे थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. तिची लव मानेवर पडली की काय होतं ते ज्याला झालंय त्याला विचारा. तेव्हा पूर्ण बाह्या आणि कॉलर पाहिजे, मग कितीही उकडो. पावसाळ्यात उलट, पायांत चिखल्या होऊ नयेत म्हणून बूट लवकर निथळणारा हवा, आणि झोपताना घालायचा एक कोरडा मोजाजोड काहीही झालं तरी चालताना सॅकमधून बाहेर काढायचा नाही. ऋतू बदलतो म्हणजे नुसतं तापमान बदलत नाही, अंगाला काय लागतं, टोचतं, चिकटतं ते बदलतं. हे कुठल्या दुकानाच्या यादीत असतं, मला दाखवा.

काय घरी पाठवायचं आणि काय मागवायचं, हा लेखाचा विषयच नव्हता. शीर्षकात ‘एकाच सॅकमध्ये’ लिहिलंय, तेवढं वाचलं असतं तरी पुरलं असतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात मुक्कामाला मनाई असल्यामुळे वाट गावागावांतूनच काढावी लागते, कुठल्याही गावात ओळखीच्या घरी गाठोडं ठेवता येतं. यात लिहिण्यासारखं काय आहे? पायताणावरही मी बोलणार नाही. ज्याचा पाय लहानपणापासून त्यात आहे त्याने जरूर चालावं.

उन्हाळा चार ओळींत उरकला, हे मात्र कबूल. लेख लांबत होता. आता त्यात भर घातली आहे: चैत्र-वैशाखात माण-खटावकडे उतरलात तर पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घाला आणि सुती पंचा डोक्याला बांधा. घाम त्यात थांबतो, हळूहळू उडतो, अंग गार राहतं. जो गुण पावसात घात करतो तोच तिथे कामाला येतो. माझा स्वतःचा सदराही तिथे सुतीच असतो, तेव्हा तुमचं निम्मं भांडण इथेच मिटायला हरकत नाही.

तुमची पुढची प्रतिक्रिया आली तर ती दिसेल, उडवणार नाही. टोपणनाव काढून लिहिलीत तर जास्त बरं. उत्तर मात्र लगेच मिळणार नाही, सहामाहीचे पेपर तपासायला घेतलेत.