चोरीचा मनीप्लांट

मनीप्लांट चोरूनच लावायचा असतो, विकतचा लागत नाही, असं आमच्या आईचं ठाम मत. मी म्हटलं काहीतरीच काय, आणि नर्सरीतून दीडशे रुपये मोजून आणला. दोन महिन्यांत गेला. आधी एकेक पान पिवळं, मग देठ मऊ, मग कुंडीला गटारासारखा वास, उपटून बघितलं तर मुळं शिजलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत!

आता माझा गुन्हा काय, तर रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्यालाही तांब्याभर पाणी. पान पिवळं दिसलं की वाटायचं बिचाऱ्याला तहान लागली असणार, मग अजून अर्धा तांब्या. नर्सरीवाले काका म्हणाले, "ताई, मुळांना हवा पण लागते हो, बुडवून मारलंत तुम्ही. बोट खुपसून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी." मग समोरच्या काकूंकडे हाच वेल दोन वर्षं बाटलीत नुसत्या पाण्यात उभाय तो कसा काय बुडत नाही? तर म्हणे पाण्यात फुटलेली मुळं वेगळी, मातीतली वेगळी. बरं.

म्हणजे बघा, मूळचा हा ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचा, तिथून निघून जगभर पसरला, लोकांच्या बाथरूममध्येसुद्धा जगतो, आणि मरायला बरोब्बर माझं घर सापडलं.

शेवटी आईचं ऐकलं. सोसायटीच्या गेटपाशी आंब्यावर एक चढलाय, वर चढायला मिळालं की याची पानं मोठी होत जातात, तिथे तर सुपाएवढी झालीयेत. रात्री कचरा टाकायच्या निमित्ताने गेले आणि खालचं एक छोटं पान खुडून ओढणीत लपवून आणलं. ते बाटलीत तीन आठवडे हिरवंगार, मूळ मात्र एक नाही. नंतर कळलं की मूळ पेरातून फुटतं, नुसत्या पानातून सहसा नाही.

परत गेले, या वेळी कात्री घेऊन. वेल हातात धरला आणि मागून वॉचमनकाकांचा टॉर्च पडला.

"मॅडम, पेराच्या खालून कापा. मागच्या वेळी नुसतंच पान नेलं होतंत."

आता बाटलीत बोटभर पांढरं मूळ आलंय. आईला मोठ्या कौतुकाने दाखवलं तर म्हणते, "वॉचमनने बघितलं ना? मग ती चोरी कसली!"