सूचक : सचिव

लेकीने वाढदिवसाला एक इंग्रजी कादंबरी दिली. म्हणाली, "बाबा, नोटिसा लिहून लिहून तुमचा चेहराच नोटिशीसारखा झालाय. हे वाचा." मुखपृष्ठ गुलाबी. त्यावर केक, मांजर आणि एक पाठमोरं जोडपं. मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या 24 बिऱ्हाडांच्या सोसायटीचा सचिव, वय 55. पहिल्यांदा काय केलं असेल, तर पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. (शाळेनंतर प्रथमच. कोपरे अजून बरे दुमडता येतात.)

गोष्ट साधी. इंग्लंडातलं समुद्रकाठचं एक गाव आणि गावाचा जुना हॉल. तो पाडून फ्लॅट बांधायला बिल्डरचा एक तरुण माणूस येतो आणि गावातली बेकरीवाली पदर खोचून (म्हणजे एप्रन) उभी राहते. दोघं कडाकडा भांडतात. हे भांडण फार दिवस टिकायचं नाही, हे पाचव्या पानावरच समजतं. मला तेच आवडलं. आमच्या पुनर्विकासाची फाइल सहा वर्षं माझ्या कपाटात आहे, तिचा शेवट ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही.

पण खरा जीव गुंतला तो गावाच्या सभेत. बाहेर धो धो पाऊस, तरी झाडून सगळा गाव हजर. निम्म्यांनी घरून केक आणलेले. अडीच पानांत ठराव, तोही एकमताने! "आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा," असं कुणी म्हणत नाही. कुणाच्या मोरीतून कुणाच्या छतावर गळतंय, हा विषयच नाही. ती पानं मी दोनदा वाचली. आमच्या वार्षिक सभेला 16 जणांचा कोरम लागतो, येतात सात. मग नोटिशीतल्या शेवटच्या ओळीप्रमाणे सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तेच सातजण, त्याच खुर्च्यांवर, कायदेशीर होतात. दरम्यान वेफर्स संपलेले असतात.

घरी वाचन अशक्य. पुस्तक उघडलं की बेल वाजते : टाकीचा व्हॉल्व्ह, ना हरकत पत्र, "तुमच्या मजल्यावरची चप्पल आमच्या मजल्यावर." म्हणून गाडीत वाचायचं ठरवलं. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा 14 डब्यांत 400 पाहुणे होते म्हणे. त्यांना पुस्तक उघडायला कोपर हलवता आलं असणार. मला 8.17 च्या गाडीत ते छातीशी धरून वाचावं लागलं आणि खांद्यावरून एक गृहस्थ माझ्याबरोबर वाचू लागले. ते माझ्यापेक्षा वेगात वाचायचे. मुलुंडला म्हणाले, "उलटा आता." घाटकोपरला उतरताना हळूच विचारलं, "उद्या हाच डबा ना?"

शेवटची तीस पानं उरली आणि नेमकी त्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आली. बिल्डरचा माणूस स्वतः येणार म्हटल्यावर गच्ची भरली. मी इतिवृत्ताची वही उघडली आणि तिच्या आत कादंबरी. इकडे वाढीव कार्पेट (म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ), कॉर्पस (म्हणजे बिल्डरने द्यायची ठोक रक्कम), भाड्याचे आगाऊ धनादेश यावर घमासान. तिकडे बेकरी बंद झालेली, पिठाने हात माखलेले, आणि तो दारात भिजत उभा. मालकाशी भांडून, नोकरी सोडून आलाय. विचारतो, "मी या गावात राहिलो तर चालेल?"

"सचिव, तुमचं मत काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिने हो म्हणावं," मी म्हणालो.

गच्ची गप्प. बिल्डरचा माणूस पेन हातात धरून थिजला.

"ती कोण?"

"ती... सोसायटी," मी म्हणालो. "सोसायटीने हो म्हणावं."

सहा वर्षांत मी पहिल्यांदाच ठाम काही बोललो होतो. पहिल्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले, "अनुमोदन." पाठोपाठ हात वर झाले. प्रस्ताव पुढे न्यायचं ठरलं. इतिवृत्तात आजही नोंद आहे : सूचक, सचिव.

या गडबडीत वही मिटली आणि कादंबरी खुर्चीवर राहिली. परत गेलो तेव्हा खुर्ची रिकामी. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर 'खाकी कव्हरचं महत्त्वाचं दप्तर कुणाला सापडल्यास' असा मेसेज टाकला. उत्तर नाही. पंधरा दिवस मी त्या दोघांना पावसात उभं ठेवलं होतं.

सोळाव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. हातात पुस्तक. कव्हर काढलेलं, आत खूण म्हणून मेंटेनन्सची पावती.

"वाचलंत?" मी विचारलं.

"दोनदा. मुलगा चांगला आहे हो," काकू पुस्तक देत म्हणाल्या, "पण कार्पेट किती देणार, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही त्याने."