खणाची मापं आधी सांगा
अंतराळ स्थानकावर प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र यंत्रणा न्यावी लागते म्हणून खर्च वाढतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2001 पासून 'एक्सप्रेस रॅक' आहेत, म्हणजे प्रयोगांच्या पेट्या बसवायची सामाईक कपाटं. एका रॅकमध्ये आठ खण, दोन ड्रॉवर. वीज, डेटा, थंडावा, नायट्रोजन सगळं रॅककडून. संशोधकाने ठरलेल्या मापाची पेटी तेवढी पाठवायची. आमच्या सांगली जिल्ह्यात तासगावकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालतं, तसंच: बॉक्स शेतकऱ्याचा, गारवा मालकाचा. (भाडं मात्र विचारू नका!) प्रयोग संपला की पेटी काढून दुसऱ्याची लावायची. ज्योत किंवा वितळलेला धातू हाताळायचा तर 2002 पासून ग्लोव्हबॉक्स, म्हणजे बाहेरून हातमोजे घालून आत काम करायची बंदिस्त पेटी, तीही सामाईकच आहे.

2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी तिथे मूग-मेथी रुजवली, तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा. सांगलीहून ते काही फार लांब नाही. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचं पहिलं मॉड्यूल 2028 मध्ये सोडायचा बेत आहे ना? मग इस्रोने खणांची मापं, जोडण्या, विजेची मर्यादा आत्ताच जाहीर करावी. पेट्या बनवायला इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं तयार होतील, पण माप हातात पडल्याशिवाय सुरुवात कुठून करणार?