राजीनामा लिहून घेतला की कायदा दाराबाहेरच राहतो

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात मला भारतातून दोन फोन आले आणि दोन्ही नोकरीवरून काढण्याबद्दलच होते. पहिला चुलतभावाचा. त्याचं मशीन पार्ट्सचं छोटं युनिट आहे, चाळीसेक माणसं. म्हणाला, ताई एक ऑपरेटर सारखा दांड्या मारतोय, न सांगता दोन दोन दिवस गायब होतो, पण काढायला गेलो तर लेबर कोर्ट, वर्षानुवर्षं तारखा, आपल्याकडे माणूस ठेवणं सोपं आणि काढणं अशक्य. दुसरा फोन जुन्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा. तिला दुपारी एका खोलीत बोलावलं, एचआरची दोन माणसं समोर, लॅपटॉपवर राजीनाम्याचा मजकूर आधीच टाईप करून ठेवलेला, आत्ता सबमिट केलंस तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर, नाहीतर टर्मिनेशन आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काय निघेल ते तू बघ. फोनही बाहेर ठेवायला लावला होता, घरी विचारून सांगते म्हणायचीही सोय नव्हती. बारा वर्षांची नोकरी चाळीस मिनिटांत संपली.

एकाला माणूस काढता येत नाही आणि दुसरीकडे माणूस चाळीस मिनिटांत निघतो, आणि दोघंही खरं बोलतायत, खोटं कुणीच नाही. मी नऊ वर्षं जर्मनीत आहे, त्यातली पाच टीम लीड म्हणून, माणसं घेतली, एकाला लेखी ताकीद द्यायची वेळ आली, एकीला काढण्याच्या प्रक्रियेतही होते. त्यामुळे घरच्या ग्रुपवर नव्या लेबर कोड्सवरून जो वाद चाललेला असतो तो वाचताना मला राहून राहून वाटतं की आपण चुकीच्या जागी भांडतोय.

वाद कुठला तर 300 च्या आकड्याचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यात गेले, आणि कामगारांची छाटणी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. एक बाजू म्हणते हायर अँड फायर आलं, आता कुणाचं काही खरं नाही, दुसरी म्हणते सुटलो एकदाचे. यात कुणी हे सांगत नाही की 1976 मध्ये ही तरतूद पहिल्यांदा आली तेव्हा आकडा 300 च होता, 1982 च्या दुरुस्तीत तो 100 वर आणला. म्हणजे आपण फिरून तिथेच आलोय. आणि मुख्य म्हणजे हा आकडा माझ्या भावालाही लागू नाही आणि मैत्रिणीच्या कामाचाही नाही. भावाकडे चाळीस माणसं, त्याला परवानगी तेव्हाही लागत नव्हती आणि आताही नाही, शिवाय ती परवानगी छाटणीसाठी असते, गैरवर्तनासाठी कुणाला काढायचं तर तिचा संबंधच येत नाही. आणि मैत्रिणीच्या कंपनीत हजारो लोक आहेत पण कागदावर तिला कुणी काढलंच नाही, ती स्वतःहून गेली! छाटणीची नोटीस नाही, दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई नाही, शेवटी आला तो आधी जाईल हा नियम नाही, काहीच नाही, कारण राजीनामा आहे ना.

मी जेव्हा टीम लीड झाले तेव्हा माझ्या डोक्यात हीच पद्धत होती, कारण मी तीच बघितली होती. माझ्या टीममधला एकजण आजारी पडला की कळवायचाच नाही, दुपारी एक दीडला मेसेज यायचा, तोवर बाकीचे खोळंबलेले. मी दोनदा तोंडी बोलले आणि मग सरळ एचआरकडे गेले, म्हटलं हा मला टीममध्ये नको. तिथल्या बाईंनी मला विचारलं, आबमानुंग दिलंय का? म्हणजे लेखी ताकीद. नव्हतं. कुठल्या तारखांना झालं? अंदाजे माहीत होतं. त्याचं यावर म्हणणं काय? मी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला शांतपणे समजावलं की या पत्रात नेमकी घटना, तारीख, वेळ, कुठला नियम मोडला आणि पुन्हा झालं तर नोकरी जाऊ शकते हे स्पष्ट लागतं, तुमचं वागणं समाधानकारक नाही असलं मोघम वाक्य कोर्टात टिकत नाही, आणि त्याला त्यावर स्वतःचं उत्तर लिहून फाईलमध्ये लावायचा हक्क आहे. मी पत्र लिहिलं, तीनदा लिहावं लागलं. त्याने उत्तर दिलं. त्यानंतर तो सकाळी वेळेत कळवायला लागला, आजही त्याच टीममध्ये आहे. मला त्या पत्राने जे शिकवलं ते कुठल्या मॅनेजमेंट ट्रेनिंगने शिकवलं नाही, की तक्रार तारखेनिशी लिहायला बसलं की निम्मा राग आपोआप गळतो आणि जे उरतं ते खरं असतं.

इथे जर्मनीत माणूस काढताच येत नाही हा भारतातला लाडका गैरसमज आहे आणि तो चुकीचा आहे. काढता येतं. पहिल्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढतात. दहा किंवा कमी माणसांच्या ठिकाणी नोकरी-संरक्षणाचा मुख्य कायदा लागूच नाही. आजारपणामुळेसुद्धा काढता येतं, फार अवघड आहे पण येतं. मात्र नोटीस कागदावर आणि शाईच्या सहीने लागते, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरची चालत नाही. जिथे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ आहे, त्याला बेट्रीब्सराट म्हणतात, तिथे काढण्याआधी त्याला कारणं सांगून त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं, नाही ऐकलं तर नोटीस रद्द, मग कारण कितीही खरं असो. मंडळ नको म्हणालं तरी कंपनी काढू शकते, पण विचारल्याशिवाय नाही. आर्थिक कारणाने माणसं कमी करायची असतील तर कोण जाणार हे मॅनेजरच्या मर्जीवर नाही, नोकरीची वर्षं, वय, कुणाला पोसायची जबाबदारी आणि अपंगत्व या चार गोष्टी बघाव्या लागतात.

आणि कोर्ट. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत दावा लावायचा, तो चुकला की संपलं, पण दावा लावल्यावर दोन आठवड्यांच्या आत समेटाची पहिली तारीख द्यावी असं कायदाच म्हणतो. थोडं मागेपुढे होतं, पण वर्षं नाहीत. समेट झाला नाही तर पुढे खंडपीठावर एक न्यायाधीश आणि दोन मानद सदस्य, एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या. बहुतेक केसेस तडजोडीतच मिटतात, साधारण नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार असा हिशोब धरून बोलणी सुरू होतात. आपल्याकडे हक्क कागदावर कमी नाहीत हो, लेबर कोर्टाला, नव्या संहितेत ट्रायब्युनलला, शिक्षा कमी करायचा, परत कामावर घ्यायचा अधिकार आहे, मोठ्या कंपनीत सस्पेंड केलेल्या माणसाला पहिले 90 दिवस पगाराच्या अर्धा आणि नंतर, उशीर त्याच्यामुळे होत नसेल तर, 75 टक्के निर्वाह भत्ता आहे. पण निकालाला इतका वेळ लागतो की मालक त्या वेळेला घाबरतो आणि कामगार त्या वेळेलाच शरण जातो. भावाची भीती आणि मैत्रिणीची सही दोन्ही त्या एकाच जागेतून आल्या आहेत असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीत सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. सही घेण्याचा दबाव इथेही येतो, त्याला परस्पर संमतीचा करार म्हणतात, आणि व्हिसावर असलेला माणूस जास्त घाबरतो, मीही पहिली काही वर्षं घाबरूनच होते. सहज सही केली तर बेकारी भत्ता 12 आठवडे अडकू शकतो, हे कितीतरी भारतीयांना सही झाल्यावर कळतं. पण 2019 मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने एक निकाल दिला तो मला मैत्रिणीचा फोन चालू असताना आठवत होता. सफाईकाम करणाऱ्या एका बाईंकडून त्यांच्या घरी जाऊन असा करार सही करून घेतला होता, त्यांचं म्हणणं होतं की त्या तेव्हा आजारी होत्या. कोर्ट म्हणालं की घरी सही केली एवढ्याच कारणाने करार मागे घेता येणार नाही, पण बोलणी न्याय्य पद्धतीने करणं ही मालकाची जबाबदारी आहे, समोरच्याच्या कमजोरीचा फायदा घेऊन विचार करायची मोकळीकच ठेवली नसेल तर करार टिकणार नाही, आणि हे तपासायला केस खालच्या कोर्टाकडे परत पाठवली. सही आहे म्हणजे संमती आहे असं धरून चालायचं नाही, एवढं साधं आहे ते. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चा आहे, त्यातही जबरदस्तीने किंवा दबावाने घेतलेल्या संमतीवरचा करार रद्द करता येतो. तत्त्व आपल्याकडे दीडशे वर्षं पडून आहे.

नोकरीवर घेतानाचं थोडं सांगते. मला पूर्वी इंटरव्ह्यूत लग्न कधी करणार, मूल कधी, सासरचे परवानगी देतील का हे सगळं विचारलं गेलंय आणि मी उत्तरं दिली आहेत. इथे गरोदर आहात का असा प्रश्न विचारायचा नाही, आणि विचारलाच तर खोटं उत्तर दिलं म्हणून नंतर नोकरी जात नाही. नाकारलेल्या उमेदवाराने भेदभाव झाल्याचं दाखवलं तर भरपाई द्यावी लागते, त्यामुळे आम्ही इंटरव्ह्यूच्या नोट्सपण विचार करून लिहितो. भारतात भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायद्याने बंदी आहे, अपंगत्वासाठी 2016 चा कायदा आहे, पण धर्म, जात किंवा वय बघून खाजगी कंपनीने नाकारलं तर सरसकट असा एक कायदा नाही, आणि यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. नव्या संहितांत प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं झालंय आणि शेवटच्या पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत पुरा करायचा आहे, हे मला मनापासून आवडलं. 300 च्या भांडणात या दोन गोष्टी हरवल्या.

भावाला मी सांगितलं की आधी हजेरीच्या तारखा काढ, कारणे दाखवा नोटीस दे, उत्तराला वेळ दे, नाहीच सुधारला तर चार्जशीट आणि चौकशी, त्याला त्याची बाजू मांडू दे, साक्षीदाराला प्रश्न विचारू दे. तो चिडला, म्हणाला चाळीस माणसांच्या युनिटला एवढं कोण करतं. मी म्हटलं अरे तू दहा वर्षांच्या केसला घाबरतोस ना, ती केस लांबते कारण कोर्टात मालकाकडे दाखवायला कागदच नसतो. अजून त्याने नोटीस दिलेली नाही, पण परवा फोनवर म्हणाला तारखा काढल्या, वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या.

मैत्रिणीला वाटत होतं आपण इंजिनियर, आपण कुठे कामगार, कामगार कायदा आपल्यासाठी नाहीच. तिच्या हाताखाली एकही माणूस नाही, ती दिवसभर कोड टेस्ट करते. तांत्रिक काम करणारा कामगार धरला जातो आणि पगार कितीही असला तरी धरला जातो, पगाराची मर्यादा सुपरवायझरला आहे, आणि लेटरहेडवर मॅनेजर लिहिलंय की नाही यापेक्षा कोर्ट प्रत्यक्ष काम काय ते बघतं. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, बारा वर्षांत. मी म्हटलं आज रात्रीच ईमेल लिही, कुठल्या खोलीत, किती वाजता, कोण कोण होतं, काय शब्द वापरले, फोन बाहेर ठेवायला लावला हेपण, आणि राजीनामा मर्जीने दिलेला नाही, मी तो मागे घेतेय असं स्पष्ट लिही, आणि उद्या वकिलाकडे जा. तिने रात्री दीड वाजता पाठवला, मला बीसीसीमध्ये ठेवलं. सात ओळी होत्या. एचआरचं उत्तर अजून आलेलं नाही, रिलीव्हिंग लेटरही आलेलं नाही, वकिलाची भेट सोमवारी आहे.