सुरमई थाळीचे 520 आणि परत केलेले 50 रुपये

नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की 480ची सुरमई थाळी आम्ही 520ची केली, पाणी तीनदा मागावं लागलं आणि तुम्ही खुशीने ठेवलेली 50ची नोट वेटरने पाहुण्यांदेखत परत केली.

पाण्याचं आधी. त्या रविवारी दुपारी एक मुलगा आला नव्हता आणि बाकीच्यांची धावपळ झाली. चूक आमची, माफ करा. नोटेबद्दलही माफी मागतो. टिप घ्यायची नाही हा नियम माझा आहे. तो मेनूकार्डावर छापलेला असता तर त्या मुलाला जिन्यापर्यंत तुमच्यामागे धावावं लागलं नसतं. आता पहिल्याच पानावर छापलाय.

दराचं मात्र नीट सांगतो. पूर्वी 480वर आम्ही 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावायचो आणि त्या सगळ्यावर 5 टक्के जीएसटी. बिल व्हायचं 554 रुपये 40 पैसे. आता 520 अधिक जीएसटी, म्हणजे 546. जे चार्ज काढायला लावायचे त्यांना तेव्हा 504 पडायचे, त्यांना आज 42 रुपये जास्त पडतात, हे खरं आहे. पण असा चार्ज आपोआप बिलात घालू नये, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्येच सांगितलं होतं. मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पदार्थाच्या दरात सेवा धरलेलीच असते, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. तोवर आम्ही चार्ज लावत राहिलो, ते बरोबर नव्हतं.

चार्ज काढल्यावर टिप का नाही घेत? कारण ती कुठे जायची ते मी गल्ल्यावर बसून रोज बघत होतो. एसी खोलीतली टेबलं मिळावीत म्हणून मुलांमध्ये भांडणं व्हायची. कॉलेजची चार पोरं बाहेर बसली की त्यांच्याकडे कोणी पटकन फिरकायचं नाही. तुमच्या थाळीतली तांदळाची भाकरी थापणाऱ्या मावशी साडेबारापासून साडेतीनपर्यंत तव्यापुढून हलत नाहीत. मोरीवरचा मुलगा तर कुणाला दिसतही नाही. दोघांना त्यातला एक रुपया मिळत नव्हता.

आता वाढीव दरातले पैसे सगळ्यांच्या पगारात जातात, बँकेत जमा होतात आणि त्यावर पीएफ कापला जातो. गेल्या वर्षी आमच्या एका वेटरचं कर्ज पगार कमी म्हणून नाकारलं गेलं. टिप धरून त्याची कमाई बरी होती, पण ती कुठल्याच कागदावर नव्हती.

पगार ठरलेला असला की मुलं कामात ढिलाई करतील, ही तुमची शंका मी हलक्यात घेत नाही. ते बघणं माझं काम आहे. कोणी चांगलं वाढलं तर गल्ल्यावर त्याचं नाव सांगा, मी भटारखान्यात सगळ्यांसमोर सांगेन. आणि पुन्हा याल तेव्हा मेनूकार्डाच्या आधी पाण्याचा जग टेबलावर आलेला असेल.