मिनरल दुप्पट केल्यानं पंख्याचं काम होत नाही

एप्रिल लागला की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलू पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेला पक्षी) उन्हाळ्यात मरतो तो उकाड्यानं नाही, अंगातली खनिजं संपल्यानं. म्हणून खाद्यात मिनरल मिक्स्चर दुप्पट करा, पाण्यात लिटरमागं ५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम खायचा सोडा टाका, वर झिंक-क्रोमियमची पावडर द्या. मरतूक शून्यावर येते, फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारे फवारे) आणि पंख्याचा खर्च वाचतो.

मी एका कंपनीशी करार करून ५,००० पक्ष्यांचं शेड चालवतो. या मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, पण त्यातल्या खऱ्या भागाला भलत्याच गाडीला जुंपलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, "उकाड्यानं नाही, खनिजं संपल्यानं मरतो." इथं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालीय. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर. शेडमधला पारा तिशीपार गेला की ती चोच उघडून धापा टाकते. धापेसरशी ओलावा उडतो, तेवढाच तिला गारवा. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. तो तोल सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, सोबत पोटॅशियम आणि सोडियम वाहून जातं. खनिजं जातात हे खरंच आहे, पण त्यांना घालवते ती उष्णताच. अंगाचं तापमान ४६-४७ अंशांकडे सरकलं की पक्षी पडतो, मग त्याच्या पोटात कितीही खनिजं असू द्या. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, आणि पत्र्याखाली काय होतं ते दुपारी शेडमध्ये उभं राहिलेल्याला सांगायला नको.

आता मीठ-सोडा. मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटते. पोटॅशियम क्लोराइड, खायचा सोडा, तयार इलेक्ट्रोलाइट (पाण्यात टाकायची क्षारांची पावडर) यांचा उन्हाळ्यात उपयोग होतो हे मी नाकारत नाही. गेलेले क्षार काही प्रमाणात भरून येतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पक्षी जास्त पाणी पितो. पण मेसेजमधलं माप बघा. ५ ग्रॅम मिठात जवळपास २ ग्रॅम सोडियम, ५ ग्रॅम सोड्यात साधारण १.४ ग्रॅम. म्हणजे लिटरला ३.३ ग्रॅमच्या वर. २ किलोचा पक्षी गार दिवसांत ३०० मिलिलिटरच्या आसपास पितो, कडक उन्हात दुप्पट. ६०० मिलिलिटर धरा: २ ग्रॅम सोडियम पाण्यातूनच गेलं. दिवसभरात तो १३० ग्रॅम खाद्य खात असेल आणि त्यात ०.२ टक्के सोडियम असेल, तर खाद्यातून मिळतं पाव ग्रॅम. हे त्याच्या सात-आठ पट झालं! मोठ्या पक्ष्याची विष्ठा पातळ होते, शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं होतं, अमोनिया डोळ्यांत झोंबतो. लहान पिलांच्या तर पोटात पाणी भरतं.

तीन वर्षांपूर्वी मी असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून मुठीच्या मापानं मीठ टाकलं होतं. चौथ्या दिवशी निप्पलखालचं (पक्षी चोच लावून पाणी पितो त्या तोटीखालचं) तूस चिखलासारखं झालं. पक्षी उन्हातून वाचले आणि खोकायला लागले. पुढं पाणी तपासलं तेव्हा कळलं की आमच्या बोअरचं पाणी आधीच खारट होतं. मराठवाड्यात बऱ्याच गावांत उन्हाळ्यात पातळी खोल गेली की पाणी मचूळ, जड होतं. त्यात काय आणि किती आहे हे तपासल्याशिवाय वरून एक चमचाही टाकू नये.

"मिनरल मिक्स्चर दुप्पट." आपल्याकडे दुकानात या नावानं मिळतं ते बहुतेक वेळा गाई-म्हशींचं असतं. त्यात मुख्य भरणा कॅल्शियम आणि फॉस्फरसचा. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास लागतं. त्यापुढं गेलं की तेच कॅल्शियम फॉस्फरस आणि झिंक शोषू देत नाही. झिंक वाढवायला गेलात आणि असलेलं झिंकही वाया घालवलंत, असा प्रकार. करारातलं खाद्य तर प्रीमिक्स (खनिजं-जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण) घालूनच येतं. त्यात सेलेनियमही असतं, आणि सेलेनियमची गरज व विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे: गरज किलोला ०.१५ मिलिग्रॅमची, आणि काही मिलिग्रॅमवर गेलं की अपाय. फावड्यानं खाद्य कालवून ते सारखं मिसळत नाही. एका फीडरला काहीच नाही, दुसऱ्याला ढीग.

उन्हाळ्यात पक्षी कमी खातो, त्यामुळं खनिजंही कमी पोहोचतात, आणि विष्ठेतून जातातही जास्त. म्हणून उन्हाळी खाद्यात झिंक-सेलेनियम थोडं वाढवण्याला आधार आहे. पण ते काम फीड मिलमध्ये, वजनकाट्यावर व्हायला हवं. कंपनीच्या सुपरवायझरकडं तशी मागणी करा, तो आपला हक्क आहे.

झिंक, सेलेनियम, क्रोमियमवर संशोधन भरपूर झालंय आणि ते मला मोलाचं वाटतं. झिंक आणि सेलेनियम पेशींना इजेपासून वाचवणाऱ्या एन्झाइमांचे भाग आहेत. पण बहुतेक प्रयोग ३२ ते ३६ अंशांत झालेत, पावडर आठवडेच्या आठवडे खाद्यातून दिलेली, आणि मोजलेलं असतं ते वजन, एफसीआर (किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं ते), रक्तातले घटक. ४४ अंशांच्या लाटेच्या दिवशी पुडी सोडली आणि मरतूक शून्य झाली, असं त्यातून निघत नाही.

राहता राहिला पंखा-फॉगरचा खर्च. आपली हवा कोरडी आहे, म्हणून फॉगर आणि ओल्या बारदानानं इथं कोकणापेक्षा कितीतरी जास्त गारवा मिळतो. हा आपल्या भागाचा फायदा सोडायचा कशाला? पत्र्याला चुना मारा. सकाळी १० नंतर फीडर वर उचला, संध्याकाळी उतरवा, कारण खाद्य पचतानाही अंगात उष्णता तयार होते. पक्षी दरवेळेपेक्षा कमी भरा. टाकीवर सावली करा, पाइप मातीखाली घ्या. दुपारी २ वाजता लाइनच्या शेवटच्या निप्पलचं पाणी हातावर घेऊन बघा. ते कोमट लागलं तर त्यात कुठलंही इलेक्ट्रोलाइट टाका, पक्षी तोंड लावणार नाही. गार असेल, तर पाकिटावरच्या मापानं सकाळपासून दुपारपर्यंत द्या आणि रात्री साधं पाणी सोडा.