ही 'वेन्झडे' कोण?

आज अर्धी रजा टाकून लेकाच्या शाळेत पेपर बघायला गेले होते. तिसरीत आहे. इंग्रजीच्या 'लिसनिंग'ला दहापैकी तीन. मॅडमनी उतारा वाचायचा, पोरांनी ऐकून उत्तरं लिहायची. मुलगी आजीकडे कोणत्या दिवशी गेली? कोरं. मुलीचं नाव काय? तिथे पठ्ठ्यानं स्वतःच्या अकलेनं स्पेलिंग करून लिहिलंय, 'वेन्झडे'!

मला तिथेच हसू फुटलं. मॅडमना नाही. "घरी मराठी बोलता ना? बंद करा. आजपासून इंग्लिशच."

अहो, याच पोराला झोपेतून उठवून वेडनेसडेचं स्पेलिंग विचारा. वेड-नेस-डे, वेड-नेस-डे करत आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं त्यानं. दहादा लिहिलंय, वहीत स्टार आहे. पण तो शब्द बोलताना कसा येतो, हे कुणी ऐकवलंच नाही. इंग्रजी अर्धी अक्षरं गिळते. कम्फर्टेबलचं कम्फ्टबल, व्हेजिटेबलचं व्हेज्टबल. डोळ्यांनी पाठ केलेलं कानाला कसं सापडणार? आणि पोरगं एका शब्दावर अडखळलं की मॅडम चार वाक्यं पुढे. पुस्तकासारखं पान मागे उलटता येतंय थोडंच!

मराठी बंद करा म्हणे! मी इंग्रजी बोलले तरी वेडनेसडेच म्हणणार ना. आम्हाला पाचवीपासून इंग्रजी, तेही फळ्यावरून. २००० साली राज्यात पहिलीपासून आलं, पंचवीस वर्षं उलटली, आणि अजून शब्दार्थ पाठ करा, घडाघडा म्हणून दाखवा.

एका वर्गात पन्नास पोरं, बाई तरी कुणाकुणाशी बोलणार, मान्य. इंग्रजी माध्यमात मीच घातलंय, तेही मान्य. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.

येताना स्कूटरवर गप्प बसला होता. सिग्नलला म्हटलं, गोष्ट तरी काय होती रे? तर सगळी सांगितली की! "ती वेन्झडे आजीकडे जाते, तिथे मांजरीचं पिल्लू गोठ्यात अडकतं, ती दूध ठेवते, मग ते बाहेर येतं." पेपरात याचीच उत्तरं होती. 'मिल्क'मध्ये एल राहिला म्हणून अर्धा मार्क गेला, 'किटन'ला एक टी म्हणून अर्धा. मग तपासलं काय, कान की स्पेलिंग? तोंडी विचारलं असतं, चित्रावर बोट ठेवायला सांगितलं असतं, तर सात-आठ कुठे गेले नव्हते. मी तिथे मॅडमना हे बोलले नाही, हसत बसले, याचाच आता राग येतोय.

घरी आल्यावर त्याला हळूच सांगितलं, अरे वेन्झडे म्हणजे आपला वेडनेसडे. बुधवार. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "मग त्या मुलीचं नाव काय होतं?"

मलाही माहीत नाही.

आत्ता दप्तर भरतोय. आतून ओरडून विचारतोय, "आई, उद्या वेन्झडे ना? पीटीचे बूट कुठायत?"